अंगणातली डोलकाठी

जगातली कोणतीही सैल दोरी हा आमचे थोरले साडू स्वतःचा अपमान समजतात. माझी बायको आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, सख्ख्या बहिणी, म्हणून हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं. मुरुडला त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी ते माझ्या पिशवीचे बंद तपासतात. मच्छरदाणी अशी ताणतात की आत झोपणाऱ्याला आपण तबल्यात मुक्कामाला आहोत असं वाटतं. म्हसळ्याला एका भाच्याच्या लग्नात त्यांना मांडवाचा एक दोर ढिला दिसला. मांडववाल्याने हात जोडले, मुलीच्या बापाने हात जोडले, पण साडूभाऊ बाह्या सरसावून उठले. तो दोर त्यांनी एवढा आवळला की तिसऱ्या मंगलाष्टकाला खांब जमिनीतून उपटून आला आणि कनात अलगद वरपक्षावर उतरली. कनातीखालून सगळ्यांत आधी आवाज आला तो यांचाच. "बघा, दोर नाही सुटला!"

नोकरीभर ते न्हावा शेवाला होते. जहाज एका बाजूला कलू नये म्हणून कुठला कंटेनर कुठे रचायचा हे ठरवणाऱ्या खात्यात त्यांचं आयुष्य गेलं. प्रत्यक्षात त्या जहाजांवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. खिडकीतून ती दिसत, तेवढीच. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी शिडाची एक छोटी, जुनी होडी घेतली. ती टेम्पोतून मुरुडला आली तेव्हा मागे बाहेर आलेल्या डोलकाठीला ताईंच्या जुन्या परकराचं लाल फडकं बांधलेलं होतं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी साडूभाऊ सोनेरी नांगराची पांढरी टोपी घालून आरमारप्रमुखाच्या थाटात बसले होते. होडी अंगणात उतरवली, नारळ फोडला, त्यांनी तिला सलाम केला. शेजारच्या कोंबड्या तेवढ्या हजर होत्या.

ताईंनी त्या दिवशी एकच मागणं मागितलं. "लग्न होऊन या घरात आले त्याला चाळीस वर्षं झाली. एकदा मला पाण्यातून आपलं घर बघायचंय."

"तारा लागल्या की नेतो," साडूभाऊ म्हणाले.

डोलकाठीला तीन तारा धरून ठेवतात: दोन बाजूंना, एक पुढे. प्रत्येक तारेच्या टोकाला भोकांची एक पट्टी असते. हव्या त्या भोकात खीळ घातली की तार ताणली जाते. माझ्यासारख्याच्या हिशेबाने हे काम अर्ध्या तासाचं. साडूभाऊंना चार वर्षं लागली. रोज सकाळी ते गवंड्याचा ओळंबा डोलकाठीच्या टोकाला बांधत, एक डोळा मिटत, अर्धं सूत फरक आहे असं जाहीर करत आणि डावीकडची खीळ तिसऱ्या भोकातून चौथ्यात घालत. संध्याकाळी उजवीकडची. तारेचा ताण मोजायचं एक यंत्र त्यांनी मागवलं होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्र पाहून झालं की ते तार बोटाने छेडत आणि कान लावून बसत. स्वयंपाकघरातून ताई म्हणत, "अहो, तुमची वीणा लागली की सांगा. तोवर मी भात लावते."

भात पुष्कळ झाला. पहिल्या वर्षी ताई समुद्राकाठच्या पुळणीवर पायी फिरायला जात. दुसऱ्या वर्षी फाटकापर्यंत. तिसऱ्या वर्षी हातात काठी आली आणि गुडघा दुमडेनासा झाला. मी एकदा न राहवून म्हणालो, "साडूभाऊ, जरा वाकडी असली तरी चालेल हो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखादं जहाज बुडवा म्हणालो होतो. "तुमची ताई बसणार आहे तिच्यात," ते म्हणाले.

चौथ्या वर्षी दसरा झाल्यावर ओळंबा अखेर डोलकाठीला चिकटून राहिला. ओळखीचा एक नाखवा दोन माणसं घेऊन आला आणि होडी पाण्यात गेली. होडी पाण्यावर सपाट होती. डोलकाठी मात्र चक्क डावीकडे झुकलेली.

नाखव्याने एकदा काठीकडे पाहिलं, एकदा वळून घराकडे. "सायब, काठीला काय बी झालेलं न्हाय. तुमच्या आंगनाला उतार हाय न!"

उतार होताच. पावसाचं पाणी माडांच्या आळ्यांत जावं म्हणून साडूभाऊंच्याच वडिलांनी तो काढून घेतला होता. होडी चार वर्षं त्या उतारावर तिरकी बसली होती, आणि आयुष्यभर जहाजं सरळ ठेवणाऱ्या या गृहस्थांनी तिरक्या होडीवर काठी तेवढी सरळ केली होती.

ताई गुडघाभर पाण्यात गेल्या. होडीची कड मांडीला लागली. पाय काही उचलेना. दोनदा प्रयत्न झाला. नाखवा म्हणाला, "वैनी, मी उचलून ठेवतो." ताई म्हणाल्या, "मी काय मासळीची पाटी आहे?" सगळे हसले. मग त्या ओल्या वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. "अहो, तुम्ही जा. नीट बघून या आणि मला सांगा."

साडूभाऊ नाखव्याबरोबर गेले. अर्ध्या तासाने परतले ते फार गंभीर होऊन.

"कसं दिसतं घर?"

"उजवीकडे कललंय," ते म्हणाले. "काठीशी ताडून पाहिलं. पाया खचला असणार."

ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, घर नाही हो कललं!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "आणखी काय दिसलं?"

"तुझी निळी साडी. दोरीवर वाळत होती." मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षी चढायला एक पायरी करतो."

पायरीचं माप त्यांनी त्याच दिवशी घेतलं. माघात ताई गेल्या. दुखणं गुडघ्याचं होतं, दगा हृदयाने दिला.

परवा मी मुरुडला जाऊन आलो. माझ्या पिशवीचे बंद कोणी तपासले नाहीत. होडी अंगणात त्याच उतारावर होती, आणि शीड चढवायचा दोर डोलकाठीवर सैल आपटत होता. त्या घरात सैल दोर! मला ते बघवेना. मी उठलो, दोर खेचला आणि गाठ मारायला लागलो.

"राहू द्या," ओटीवरून साडूभाऊ म्हणाले. "पहाटे वारा सुटला की वाजतो तो. झोपेत वाटतं, आत भांडी वाजतायत."

मी गाठ सोडली. ते सावकाश उठून आले, माझ्या हातातून त्यांनी तो घेतला, थोडा आवळला आणि कान लावून उभे राहिले.

"दोन बोटं सैल," ते म्हणाले. "जास्त सोडला तर नुसता आपटतो. भांड्यांसारखा वाजत नाही."