भिंतीपलीकडची बेल

दुकानदारानं पुढं केलेला टॉर्च काकूंनी पेटवून बघितला आणि सरळ फरशीवर टाकला. तो विझला. "ह्यो नको. दुसरा दाखव," त्या म्हणाल्या. मी नांदेडला त्यांच्या शेजारी नुकतीच राहायला आले होते आणि पहिल्यांदाच त्यांच्यासोबत बाजारात निघाले होते. कुठं तोंड लपवावं, मला कळेना. काकू मात्र शांत होत्या. "हातात तर समदेच जळतेत बाबा. पडल्यावर जळला पायजे." दुसराही विझला. तिसरा खाली पडूनही जळत राहिला. तो त्यांनी घेतला, विझलेल्यांचे पैसेही देऊन टाकले आणि पिशवी सावरत निघाल्या.

शिवलीलाकाकू मूळच्या लातूरकडच्या. नवीन लग्न झालेलं असताना भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर बसलं. त्या आणि त्यांच्या सासूबाई एकाच खोलीत गाडल्या गेल्या. सासूबाई ओरडत राहिल्या. आधी घसा बसला, मग त्या गप्पच झाल्या. काकूंच्या हाताला तांब्या लागला होता. तो त्या दगडावर आपटत राहिल्या. तो आवाज ऐकून शेजारच्या माणसांनी त्यांना उकरून काढलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. "फौज आली, गाड्या आल्या, समदं आलं. पर मला काढलं ते शेजारच्यानं. लांबचं माणूस मागून येतंय, नसीमा."

त्यानंतर नवऱ्याच्या आडतीच्या धंद्यापायी त्या नांदेडला आल्या. दाराशी एक पिशवी कायम भरलेली असायची. तिच्यात टॉर्च, दोर, पाण्याची बाटली, गोळ्या आणि जाड तळव्याचे बूट. बुटांना मी हसले होते. मग एका सकाळी जमीन हलली. आम्ही सगळे अनवाणी रस्त्यावर पळालो, कुणाच्या पायात काच गेली, आणि काकू बूट घालून, पिशवी घेऊन सावकाश बाहेर आल्या. पिशवीतल्या पाण्यानं तो पाय धुऊन दिला.

नवरा गेल्यावर त्यांनी वायरमनला बोलावून एक साधी बेल बसवून घेतली. बटण त्यांच्या न्हाणीत, अगदी खाली, फरशीला लागून; बेल माझ्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "काकू, इतक्या खाली कशाला?" "पडलेल्या माणसाचा हात तिथवरच जातोय." रोज सकाळी आंघोळ झाली की त्या बेल वाजवायच्या, आणि मी इकडून भिंतीवर थाप मारायची.

मुलगा विश्वनाथ पुण्यात मोठ्या नोकरीवर. गेल्या वर्षी त्यानं घर नवं करून घेतलं. न्हाणीत चकचकीत टाइल्स आल्या. बेलचं बटण आणि वायर गेली, दाराजवळची पिशवी भंगारात गेली. आईच्या मनगटावर त्यानं महागाचं घड्याळ बांधलं. माणूस पडलं की ते स्वतःच ओळखतं आणि फोनवर कळवतं, असं तो सगळ्या गल्लीला दाखवत होता.

"कुणाच्या फोनवर?" काकूंनी विचारलं.

"माझ्या."

"तू तर पुण्यात."

"आई, आता जग जवळ आलंय."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "आपा, तुम्हीच समजावा हिला," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "बेल राहू दे रे, घड्याळही राहू दे." नव्या टाइल्सला भोक पाडायला तो तयार झाला नाही. पोरानं हौसेनं आणलंय म्हणून काकूंनीही घड्याळ हातावर राहू दिलं.

त्या पावसाळ्यात एकदा दुपारी मला विश्वनाथचा फोन आला. मी मागच्या दारानं धावले. काकू न्हाणीत पडलेल्या होत्या. डोक्यातलं रक्त टाइल्सवर वाळून गेलं होतं. एक हात भिंतीशी, फरशीलगत पसरलेला होता. तिथल्या गुळगुळीत टाइलवर बोटांचे रक्ताळलेले ओरखडे होते. त्या सकाळीच पडल्या होत्या. भिंतीच्या अलीकडं मी मिक्सरवर चटणी वाटत होते. दवाखान्यात त्या शुद्धीवर आल्या नाहीत. लवकर आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

लिंगायत रीतीनं समाधी देऊन आल्यावर विश्वनाथ माणसांत बसून प्रत्येकाला मोबाइल दाखवत होता. "घड्याळाची काही चूक नाही. पडल्या पडल्या मेसेज आलाय, बघा. मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर होता." माणसं स्क्रीनवर बघून माना हलवत होती. कुणीतरी कंपनीचं नावही विचारून घेतलं.

वर्षाच्या पुण्यस्मरणाला तो आला तेव्हा घर विकायचं ठरलं होतं. चहा घेताना सहज म्हणाला, "ते घड्याळ माझ्या सासूबाईंना दिलं आपा. त्या पण एकट्याच राहतात, सोलापूरला. वाया कशाला घालवायचं?"

मी विचारलं, "त्यांच्या शेजारी कोण राहतं?"

त्यानं जरा आठवून बघितलं. त्याला माहीत नव्हतं.