आपांची टकळी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा वर्षभर मला वाटत होतं, सासऱ्यांना मी आवडलेली नाही. ते माझ्याशी बोलतच नसत. मग कळलं, ते कुणाशीच बोलत नाहीत. इरिनेई त्यांचं नाव. पुढे माझी मुलं त्यांना आपा म्हणू लागली, म्हणजे आजोबा, आणि मीही तेच म्हणू लागले. सामन मासा धरायच्या दिवसांत होडीवर ते नुसत्या हाताच्या खुणा करायचे. जेवताना “मीठ” म्हणाले की आम्ही समजायचो, आज स्वारी खुशीत आहे.

माझी सासू मार्फा, मुलांची एमा, म्हणजे आजी. ती दोघांच्या वाटचं बोलायची, पण इंग्रजीत. आमची, या बेटांवरच्या मूळ लोकांची, आलुतीक बोली घरात नव्हतीच. दोघं लहानपणी ज्या शाळांत गेली तिथे त्या बोलीतला शब्द निघाला की मास्तर पोरांचं तोंड साबणाने धुवायचे. माझा नवरा झखार जन्मला तेव्हाच ठरलं, या पोराच्या कानावर ती भाषा पडू द्यायची नाही.

एका थंडीच्या तोंडावर बान्यासाठी, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडताना आपा कोसळले. विमानाने त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि इंग्रजी गेली, सगळीच्या सगळी. घरी आल्यावर तोंडातून येत होती ती फक्त आलुतीक. झखारला त्यातले पाणी, सील, अस्वल एवढेच शब्द कळत, मला तर तेवढेही नाहीत.

एमाला सगळं कळत होतं. आपा काही विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि ते परक्या बाईकडे बघावं तसे तिच्याकडे बघत राहत. मग ती उठून बाहेर जाई, वाऱ्यात उभी राही.

“एमा, एक शब्द तरी बोल त्यांच्याशी,” मी म्हटलं.

“ओठापर्यंत येतो गं. तिथूनच मागे फिरतो. इतकी वर्षं गिळलंय मी ते.”

आपा जेवेनासे झाले. वाफेने हात जरा मोकळा होईल म्हणून एका दुपारी एमाने बान्या तापवला. मी पाणी वाहून दिलं आणि बाहेरच्या खोलीत टॉवेल घेऊन बसले. आत तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. आपा काहीतरी पुटपुटले. आणि एकदम एमाचा आवाज! चढा, भांडखोर, थांबायचं नाव नाही. मला एक अक्षर कळलं नाही. आपा मात्र खो खो हसत होते. त्यांचं तसं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ती बाहेर आली ती लालबुंद होऊन.

“काय झालं?”

“म्हणतो कसा, तुम्ही उत्तरेकडची माणसं बोलता तसंच पाणी ओतता, थेंब थेंब! माझ्या माहेराला नावं ठेवतो. मी ऐकून घेईन होय?”

एमा उत्तरेकडच्या अफॉग्नाक बेटावरची. तिकडची बोली आणि आमची यांत जरा फरक आहे. पण तिच्या लक्षातच आलं नव्हतं की ती कुठल्या भाषेत भांडून आली. मी सांगितलं तेव्हा ती बाकावर बसली आणि टॉवेलात तोंड खुपसून रडली.

त्या दिवसापासून आपांची टकळी सुरू झाली. त्यांचे आजोबा कायाकमधून, कातड्याच्या अरुंद होडीतून, समुद्री पाणमांजराच्या शिकारीला कसे जायचे, कुठल्या खाडीला काय म्हणतात, कुणाच्या नाकावरून कुणाला काय टोपणनाव पडलं. गावातले उरलेसुरले म्हातारे चहाला येऊ लागले. एमा आम्हाला सांगत जाई. एकदा ते माझ्याकडे बोट दाखवून बराच वेळ बोलले. मी घाबरले.

“काय म्हणतायत?”

“तुझ्या पिरोकमध्ये भात जास्त आणि मासा कमी का असतो, विचारतोय. म्हणे तू आल्यापासून विचारायचं होतं.”

त्या संध्याकाळी भांडी पुसताना मी विचारलं, “ते असे बोलके होते, हे तुला माहीत होतं?”

“लग्नाआधी याचं तोंड कधी बंदच नसायचं. बोलण्यावरच तर भाळले मी. झखार झाला तेव्हा मीच म्हटलं, आता आपली भाषा बंद. याने कबूल केलं. इंग्रजी याला कधी धड जमलीच नाही. म्हणजे याचं तोंड मीच शिवलं, नाही का?”

उपवास सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांची माफी मागतात, आणि समोरच्याने म्हणायचं असतं, देव माफ करतो, मीही करतो. घरी आल्यावर एमा आपांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली आणि त्या बोलीत हळूहळू बोलली. आपांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग काही म्हणाले, आणि ती रडता रडता हसायला लागली.

“देव माफ करतो म्हणाला,” ती नाक पुसत मला म्हणाली. “आणि मी विचार करून सांगतो, आधी चहा ठेव.”

पुढचे दोन उन्हाळे ते बोलत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात, होड्या समुद्रात असताना, एमाशी कसलासा वाद घालता घालता झोपले ते उठले नाहीत. माझ्या धाकट्या मुलीला तोवर ती बोली सगळी समजायला लागली होती. आता एमा तिला जेवायला हाक मारते ती दारात उभी राहून, आमच्याच बोलीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.