पहिल्या तीन फ्रेम

भिंगारच्या आमच्या घरात डार्करूम नाही. फिल्म धुवायची असली की मी न्हाणीघराच्या खिडकीला काळं प्लास्टिक लावतो, दाराच्या फटीत सतरंजी कोंबतो आणि दिवा घालवतो. मग फिल्म अंधारातच प्लास्टिकच्या चकरीवर गुंडाळून डब्यात बंद करायची. एरवी पाच मिनिटांचं काम.

त्या दुपारी बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांची मुलगी बसली होती. ती सासरहून, जामखेडहून आली होती. तिचे वडील चार दिवसांपूर्वी वारले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी होता आणि मांडायला फोटो नव्हता. मोबाईल समोर धरला की ते मान फिरवत. फोटो काढायचा तो कॅमेऱ्याने आणि इस्त्रीच्या शर्टात, अशी त्यांची रीत. महिन्यापूर्वी मी नवी फिल्म भरली तेव्हा ते तसे बसले होते. शर्ट पांढरा, चेहरा सावळा. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर शर्टावर फसेल म्हणून प्रकाश चेहऱ्याजवळ मोजला होता. पहिल्या तीन फ्रेम त्यांच्या.

आधार कार्डावरचा फोटो मोठा करता येईल, असं मी सुचवलं होतं.

"त्यात दादा पोलिसांना सापडल्यासारखे दिसतात," ती म्हणाली.

अंधारात फिल्मचं टोक चकरीत सरकवलं. थोडं आत गेलं आणि अडकलं. हातांना घाम होता, आणि ओली फिल्म चकरीच्या खाचेत चिकटते. मी जोर लावला. फिल्म दुमडल्याचा बारीक आवाज आला.

मागे ओढली तर फाटणार होती. डबा एका चकरीपुरता. बाहेर लोंबणारी फिल्म कोंबली तर झाकण बसत नव्हतं. दिवा लावला तर सगळंच जाणार. कात्री हाताशी होती, पण जिथे कापायचं तिथेच त्या तीन फ्रेम होत्या. मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो. घाम कोपरावरून गळत होता. फिल्मवर पडू नये म्हणून हात लांब धरले.

"काका, झोपलात व्हय?"

"दार उघडू नकोस."

"मी कशी उघडू? कडी तुमी आतून लावलीय." मग हलक्या आवाजात, "गेला का फोटो?"

"माहीत नाही."

 

चकरीचे दोन भाग पिळून वेगळे होतात. इतक्या वर्षांत ते कधी करावं लागलं नव्हतं, म्हणून आठवायला वेळ गेला. हात टॉवेलला कोरडे केले आणि चकरी पिळली. फिल्म सुटली. चकरी पुसून पुन्हा जोडली. मग फिल्मचं दुसरं, कोरडं टोक घातलं. ते सरळ आत गेलं. दुमडलेला भाग शेवटी आला. तो नखाने सावकाश आत बसवला. झाकण लागल्यावर कडी काढली.

धुतलेली फिल्म संध्याकाळी वाळली. पहिल्या फ्रेमची घडी त्यांच्या तोंडावरूनच गेली होती. दुसरीवरचा थर खाचेत उपटला गेला होता. तिसरीत चेहरा स्वच्छ होता, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसकट. खांद्यावर तेवढी चंद्रकोरीसारखी काळी खूण. ती मी वाकवल्यामुळे पडली होती. स्कॅन करून प्रिंट काढली आणि म्हणालो, खूण कॉम्प्युटरवर पुसता येईल, दहा मिनिटं थांब.

ती थांबली नाही. प्रिंट दोन्ही हातांत आडवी धरून ती केव्हाच पायऱ्या उतरली होती.