दस्तूर साहेबांचा रिकामा ग्लास

सन १९६५. माझं वय सत्तावीस. मी कामशेतकडचा, चौथी शिकलेला शिपाई. लोणावळ्याला आमच्या कॅम्पात ऑफिसर्स मेसच्या बारवर ड्युटी होती. गोळ्या झेलल्याच्या गोष्टी माझ्याकडं नाहीत. झालं तेवढं सांगतो.

साडेपाचला साहेब लोकांचा चहा. सातपर्यंत ग्लास पुसून उजेडात धरून बघायचे. दुपारी बाराला बार उघडायचा. बाहेर दारूबंदी, आत परवाना. दारूच्या खोलीत राहून हा थेंब घेत नाही, हे गावात कोणाला पटत नसे. नाही घेतला. आजतागायत नाही.

पण ओतावं मीच. ते मला हवालदार शिंद्यांनी शिकवलं. वडगावचे, इंग्रजाच्या वेळेपासून मेसवर. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पिंक जिनला कडू अर्काचे थेंब आधी ग्लासात फिरवून झटकायचे. शँडीला बिअर आधी, लेमोनेड मागून. काळी स्टाउट बिअर तिरप्या ग्लासात, सावकाश, वर बोटभर फेस. आता हे कोणी मागत नाही. आताच्या लोकांना फक्त गार पाहिजे. कसली आहे, ते बाटली वाचून कळतं त्यांना. मला वासावर कळायचं.

विलायतेची एक गडद एल, म्हणजे जड बिअर, यायची. ती कॅप्टन दस्तूर साहेबांची. पावसात धुकं खोलीत शिरलं की म्हणायचे, "सळई घाल." मी शेगडीत सळई लाल करायचो. मगात एल, साखर, जायफळ. त्यात सळई बुडवली की चर्र आवाज यायचा, खोलीभर जळक्या गुळासारखा वास. साहेब उंच, हसले की टेबल हलायचं. ती एल बनवणारा विलायतेतला कारखाना बंद पडला, असं त्यांनीच सांगितलं. शेवटी एक बाटली उरली.

लढाई लागली. साहेबांना पुढं जायची ऑर्डर आली. जाताना बारवर आले.

"ही राहू दे. आल्यावर घेऊ."

"जी साहेब."

साहेब गेल्यावर तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता बिनतारी सिग्नल आला. कॅप्टन दस्तूर बेपत्ता. मेसचं बघणारे मेजर साहेब बारवर आले.

"लंचला दस्तूरची खुर्ची मांड. ती बाटली उघड, त्याचा ग्लास भरून ठेव. कोणी प्यायचं नाही."

मला काही समजेना. पित्तरांचा पंधरवडा चालू होता. आमच्याकडं मेलेल्या माणसाच्या आवडीचं करून त्याचं पान मांडतात.

"साहेब, ती न्हाई उघडायची."

"का?"

"बेपत्ता म्हंजे मेला न्हाई. जित्या माणसाचं पान आमी मांडत न्हाई. मांडलं तर त्यो परतत न्हाई."

"ही ऑर्डर आहे."

"व्हय साहेब. पर बाटली न्हाई उघडणार."

मेजर साहेबांनी वही काढून माझं नाव लिहिलं. मग म्हणाले, "सात दिवस पिट्ठू. उद्या सकाळी सहापासून."

पिट्ठू म्हणजे पाठीवर भरलेली पिशवी बांधून ग्राउंडवर पळायचं. साहेबांनी बाटली ओढून घेतली नाही. लंचला खुर्ची मांडली गेली, ग्लास रिकामा राहिला.

मागं भांडी विसळताना आबा माझ्यावर धावले. "आरं येड्या, ते मेलेल्याचं न्हाई. जो टेबलाला न्हाई, त्याची आठवण म्हून भरत्यात."

"मग रजेवर गेलेल्याचा का न्हाई भरत?"

आबांनी भांडं आपटलं. मग म्हणाले, "चौथी पास, तू मेजरला शिकवतोस व्हय रं?"

मला आबांचंही खरं वाटत होतं, माझंही. मेजर साहेब आठवण करत होते की निरोप देत होते? बेपत्ता माणूस कोणत्या बाजूला धरायचा? हे शाळेत नव्हतं, ट्रेनिंगमध्येही नव्हतं.

चार वाजता मेजर साहेबांनी ऑफिसात बोलावलं. हातात दुसरा सिग्नल होता. त्यांनी वाचला, मग मला मराठीत सांगितला. दस्तूर साहेबांचा देह सापडला. मंगळवारीच गेले होते.

मी बोटांवर मोजलं. मंगळवार ते रविवार. मी सकाळी ज्याच्यासाठी भांडलो, तो पाच दिवसांपूर्वीच गेला होता.

"साहेब, सकाळी तुमाला ठाव हुतं का?"

"नाही." मग म्हणाले, "वाटलं होतं."

"मग माझं चुकलं का?"

त्यांनी सिग्नलची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "पिट्ठू कॅन्सल. जा."

पाच वाजता मीच बाटली उघडली. मेजर साहेब आणि आबा उभे होते. ग्लास तिरपा धरला, सावकाश ओतली. फेस आला नाही. वासही नव्हता. ती कधीचीच उतरली होती. ग्लास खुर्चीसमोर ठेवला.

आज माझं वय झालंय. कॅप्टन दस्तूर साहेबांसाठी मी बरोबर केलं की चूक, मला अजून उलगडत नाही. माझा मुलगा म्हणतो, सोडा आता. सोडत नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पिट्ठू बांधून ग्राउंडवर गेलो. कवायत घेणाऱ्या उस्तादानं लिस्ट पाहिली. "तुझं नाव नाही यात."

"म्हाईत हाय," म्हणालो, आणि पळायला लागलो.