साळूबाईंची दाढ

लोणंदपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत ग्रहणाच्या बाबतीत साळूबाईंचा शब्द पंचांगाच्याही वर चाले. पंचांग फक्त वेळ सांगे. पोटुशा बायकांनी त्या वेळात कसं बसायचं, पाणी किती प्यायचं, डास चावला तर काय करायचं, हे साळूबाई सांगत. हा अधिकार त्यांना लालासाहेबाच्या तोंडावरून मिळाला होता.

लालासाहेब हा त्यांचा एकुलता मुलगा. जन्मला तोच डाव्या कानशिलापासून हनुवटीपर्यंत जांभळट लाल डाग घेऊन. कुणी ओला गुलाल फासावा तसा. सासू चंद्राबाईंनी बाळाला दारातल्या उजेडात धरलं आणि निकाल दिला, "गिराणात हिनं गालाला हात लावला."

यातली खरी अडचण अशी, की साळूबाईंनी हात लावला होता. सहाव्या महिन्यात ग्रहण आलं, सासूने त्यांना माजघरात सरळ निजवलं, आणि नेमकी त्याच दुपारी त्यांची डावी दाढ ठणकायला लागली. सासूची पाठ वळताच त्यांनी तळवा गालावर दाबून धरला. बरं वाटलं. ते बरं वाटणंच त्यांना पुढे तीस वर्षं बोचलं.

दाढेचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. औंधला यमाईपुढे नाक घासलं तेव्हा देवीलासुद्धा मोघमच सांगितलं. पण पुढच्या ग्रहणाला शेजारची गर्भार सून अंगणात दिसताच तिला हाताला धरून सोप्यात आणून बसवली. हळूहळू रीतच पडली. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकाही येऊ लागल्या. सगळ्या रांगेने बसत, हात मांडीवर उताणे. कुणी नाक खाजवायला गेली तर साळूबाई म्हणत, "आधी माज्या लालाकडं बघ, मग खाजव." लाला तेव्हा लहान होता. गूळ-शेंगदाण्याच्या आशेने तो समोर उभा राही आणि डावा गाल पुढे करी.

पुढे तो पलटणीत गेला, नाईक झाला. तिथे डागाने त्याचं काही अडलं नाही. भरतीच्या कागदावर 'ओळखीची खूण' म्हणून काय लिहायचं, याचा विचार ज्याला करावा लागला नाही असा तो एकटाच असावा.

पंच्याहत्तर साली तो रजेवर आला तो बातमी घेऊन. "आय, मेजर डाक्टरांनी चिट्ठी दिलीया. मुंबैला एक डाक्टर हाय, अमेरिकेत शिकून आलाय. डोळ्याच्या आतलं जाळायचं मशीन हाय त्याच्याकडं, लेझर म्हंत्यात. निस्ता उजेड, पर सुईगत. त्यानं डाग जातोय का बघणार हाय."

"उजेडानं?"

"व्हय. आधी जराशा जागेवर मारून बघायचं."

"उजेड गेला तवा डाग पडला," साळूबाई सावकाश म्हणाल्या. "मग उजेडानंच जाईल की." आणि त्या बरोबर निघाल्या. लाला नको म्हणत होता, पण त्यांना डॉक्टरला एक विचारायचं होतं.

मशीनच्या खोलीतले पडदे ओढलेले होते. डॉक्टरांनी सगळ्यांना रंगीत चष्मे दिले. "मावशी, या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. आणि तुम्ही हलायचं नाही, जवान." अंधारी खोली, बघायची बंदी, हलायची बंदी. साळूबाईंना शास्त्र ओळखीचंच वाटलं.

कानशिलाजवळच्या चार आण्याएवढ्या जागेवर हिरवट निळा ठिपका पुनःपुन्हा बसत गेला. लालाने दात आवळले. संपल्यावर साळूबाईंनी तोंड उघडलं, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही परक्यापाशी.

"डाक्टर, माजी दाढ दुकत हुती. गिराणात. म्या गालाला हात लावला."

डॉक्टरांना वाटलं, बाईंना दात दाखवायचाय. लालाने उलगडून सांगितलं. त्यालाही ते तेव्हाच कळत होतं.

"कातडीखालच्या रक्ताच्या बारीक नळ्या पोटात असतानाच रुंदावतात," डॉक्टर म्हणाले. "का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. पण हात लावल्याने नव्हे. तुमचा काडीचाही दोष नाही, मावशी."

तीस वर्षांचा गुन्हा चहा निवायच्या आत माफ झाला. परतीच्या वाटेवर साळूबाई एवढंच म्हणाल्या, "तुजी आजी असाया पायजे हुती रं."

"आजी ऐकती व्हय डाक्टरचं?"

"न्हाई. पर म्या ऐकवलं आस्तं."

खपली धरली, पडली, आणि काही महिन्यांनी तिथे फिकट, जरासा खरबरीत ठिपका उरला. पुढचं लालाने नको म्हटलं. पलटणीच्या कारकुनाने आधीच विचारलं होतं, खूण पुसली तर कागदावरून माणूस ओळखायचा कसा. वाडीत मात्र तो ठिपका बघायला रीघ लागली. "गिराणानं दिलं, उजेडानं सोडवलं," आप्पासो गुरव म्हणाले. "साळूबाई म्हंत हुत्या त्येच खरं."

शहात्तरच्या चैत्री अवसेला दुपारी ग्रहण होतं, आणि लालाची बायको मुक्ताबाई सहाव्या महिन्यात होती. आपण वाहिलं ते ओझं सुनेच्या डोक्यावर जाऊ द्यायचं नाही, असं साळूबाईंनी ठरवलं. त्या दुपारी सोप्यात तिच्याशेजारी आठजणी येऊन बसल्या होत्याच.

"घरला जावा," साळूबाई म्हणाल्या. "भाकरी थापा, भाजी चिरा. कशानं काय हुत न्हाई."

कुणी उठेना. "मग लालाभाऊंचा डाग?" सरपंचांची सून बनाबाई म्हणाली.

"माजी दाढ दुकत हुती. म्या गालाला हात लावला. पर डाक्टर म्हंतोय, त्येनं न्हाई झालं."

"मंजे लावला हुताच."

"लावला हुता, पर—"

"आन् डाव्याच गालाला?"

"दाढ डावी हुती, बाई."

आठजणींनी आपले हात मांडीवर आणखी घट्ट दाबले. इतकी वर्षं नुसता संशय होता. आता कबुली मिळाली.

ग्रहण तसं लहानच होतं, सूर्याची कड उंदराने कुरतडल्याएवढं. तेवढ्यात मुक्ताबाईच्या डाव्या गालावर माशी बसली. तिने सासूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"हाकल," साळूबाई म्हणाल्या.

मुक्ताबाईचा हात उठेना. माशी डोळ्याकडे चालली. तेव्हा साळूबाई उठल्या, माशी हाकलली, आणि तळवा सुनेच्या गालावर ठेवला तो ठेवलाच. डॉक्टर सांगतो ते खरं, हे त्यांना पटलं होतं. फक्त हाताला अजून पटलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं. रस्त्यावरून 'दे दान, सुटे गिराण' ऐकू आलं तेव्हाच त्यांनी तो उचलला.

श्रावणात मुक्ताबाईला मुलगी झाली. साळूबाईंनी तिला दारातल्या उजेडात धरलं, सासूने धरलं होतं तसंच. डावा गाल दोनदा पाहिला. दुधासारखा स्वच्छ. सुनेला त्या म्हणाल्या, "बघ. हात लावूनबी काय झालं न्हाई."

"आत्ती, तुमी हात ठिवला म्हून," मुक्ताबाई म्हणाली.

वाडीनेही तोच निकाल दिला. पुढच्या ग्रहणाला बायका आल्या त्या सोप्यात रांगेने बसल्या, आणि एकेकीने डावा गाल पुढे केला.