जतकर आणि बाईसाहेब

नळाच्या आवाजावरून माणसाची लायकी ठरवणारा अख्ख्या साताऱ्यात एकच इसम आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष. मामांनी जत तालुक्यात तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. निवृत्तीनंतर ते अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर घेऊन राहिले, कारण मामींचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात अंगणातला दगडसुद्धा हिरवा होतो. गाव बदललं, पण मामांच्या डोक्यातला टँकर काही रिकामा झाला नाही. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी नळ सोडून दाढी करत होतो. खांद्यावरून एक हात आला आणि नळ बंद झाला. "जावईबापू," मागून आवाज आला, "दाढी तोंडाला हाय का बेसिनला?" ही आमची पहिली भेट.

कुणाकडेही गेले तरी मामा आधी मोरीत जाऊन तोट्या आवळून येतात आणि मग बसतात. टाकीवर बोटाचं पेर वाजवून "निम्मी हाय" म्हणतात, आणि ती निम्मीच असते. एका लग्नात पाहुण्यांनी अर्धवट पिऊन ठेवलेले पेले गोळा करून ते हॉलच्या कुंड्यांत ओतत फिरत होते. कुणीतरी त्यांना वाढपी समजून मठ्ठा मागितला. मामांनी तो आणून दिला, आणि "सांडू नगा," एवढंच म्हणाले. त्यांच्या घरी आल्यागेल्याला पाणी मिळतं ते अर्धा पेला. "लागलं तर आणि मागा. लाजू नगा." मी जातीचा लाजाळू. गेली बारा वर्षं मी त्या घरातून तहानलेला परत येतो आहे.

अशा माणसाच्या व्हरांड्यात दोनच कुंड्या आहेत. एकीत अडेनियम. रांजणासारखं फुगलेलं खोड, वर चार वाकड्या फांद्या आणि उन्हाळ्यात तापल्या पत्र्याखाली फुटणारी गुलाबी फुलं. त्याचं नाव जतकर. दुसरीत मामींनी माहेरून फांदी आणून लावलेलं हायड्रेंजिया. पत्रावळीएवढी पानं आणि लाडवासारखे फुलांचे गेंद. त्याला मामा 'बाईसाहेब' म्हणतात. या दोघांची तुलना करणं हा मामांचा उद्योग आणि ती ऐकणं ही आमची शिक्षा. जतकराला दिवसभर ऊन चालतं, बाईसाहेबांना फक्त सकाळचं कोवळं. जतकर वाळू आणि विटांच्या चुऱ्यात खूष, बाईसाहेबांना कुजलेल्या पाल्याची मऊ गादी लागते. माती खोलवर कोरडी झाल्याशिवाय जतकर पाण्याला शिवत नाही, आणि बाईसाहेब दुपारचे दोन वाजले की अशा माना टाकतात, जणू घरात कुणी विचारतच नाही. मामा जतकराशी सीमेवरच्या कन्नडात बोलतात. "नीर ब्याडा," म्हणजे पाणी नको, असं तेच त्याच्या वतीनं सांगतात. बाईसाहेबांशी मात्र चक्क पुस्तकी मराठीत. "घ्या. झालं समाधान?"

"त्यात ती रंग बदलणारी," मामा एकदा म्हणाले. "म्हायेरी निळी हुती. हितं आल्याव गुलाबी झाली. भरवसा काय धरायचा?"

"तिकडची तांबडी माती तशी, इकडची काळी अशी," आतून मामी म्हणाल्या. "माती बदलली की रंग बदलतोच. मी नाही का बदलले? लग्नाआधी मी हसायचे."

त्याच दुपारी ऊन सरकलं तशी बाईसाहेबांची जड कुंडी मामांनी स्वतः उचलून सावलीत नेलेली मी पाहिली.

गेल्या डिसेंबरात सांगलीला त्यांच्या नातीचं बारसं ठरलं. मामा-मामी तीन आठवडे जाणार. कुंड्या कुणाच्या भरवशावर ठेवायच्या? घरात चर्चा झाली, आणि दुसरं कुणी रिकामं सापडेना म्हणून मी. आमच्या घरी तुळससुद्धा वर्षातून दोनदा बदलावी लागते, ही गोष्ट बायकोनं मामांपासून लपवली. जाताना मामांनी एका तांब्यावर बोट ठेवून सांगितलं, "बाईसाहेबांना रोज सकाळी ह्यो तांब्या. जतकराला काय बी न्हाई. समजलं? काय बी न्हाई."

समजलं होतं हो. पण तिसऱ्या दिवशी जतकराची पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी गळाली. थंडीत हे झाड पानं टाकून झोपतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. शेजारी बाईसाहेब माना टाकून टाकून हवं ते वसूल करत होत्या, आणि हे बिचारं मुकाट उभं. मला माझेच मामांच्या घरातले अर्धे पेले आठवले. जातभाई! मी त्याला एक तांब्या घातला. लाजू नकोस, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन. आठवडाभर मी त्या झाडाचा असा पाहुणचार केला की सासरी माझा कधी झाला नाही.

फोनवर मामा रोज विचारायचे, मी रोज "एकदम मस्त" म्हणायचो. पंधराव्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "खोडाला अंगठा लावा. दाबा. कसं लागतंय?"

"जरा... मऊ."

"मऊ म्हंजी? कच्च्या पेरूवानी का पिकल्या केळावानी?"

मी अंगठा काढून पाहिला. "केळं," म्हणालो.

पडद्यावरून मामा बाजूला झाले. मग मामींचा चेहरा दिसला. "जावई, तुम्ही आता कशालाही हात लावू नका."

मामा बारसं उरकून दुसऱ्याच दिवशी एसटीनं परतले. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो. ते भाजी चिरायची सुरी घेऊन पायरीवर बसले होते. जतकर मांडीवर होता. सडलेला भाग कापून, आतला पांढरा गर लागेपर्यंत ते तासत होते. निम्मं खोड गेलं. उरलेल्यावर राख चोळून त्यांनी ते सावलीत उलटं टांगलं.

"जगेल का?" मी विचारलं.

"बघायचं." सुरी पुसत ते म्हणाले, "ह्ये एका म्हातारीनं दिलंय. वाडीवरची. माज्या शेवटच्या खेपंला. फुटक्या घागरीच्या बुडात लावलेलं."

मग जे बोलले ते त्यांनी मामींनाही सांगितलं नव्हतं. त्या रस्त्यावर दोन वस्त्या होत्या. एक वस्ती टँकर अडवायची, भांडायची, म्हणून गाडी आधी तिकडं जायची. म्हातारीची वाडी पुढं. ती कधी भांडली नाही. "एकदा गाडी बिघडली. पाच दिस त्या वाडीला पानी न्हाई. सहाव्या दिशी गेलो, तर म्हातारीनं पयला पेला भरून मलाच दिला. म्हनली, लांबनं आलास, पी." मामांनी टांगलेल्या खोडाकडे पाहिलं. "तुमी त्येच्याव दया केली, ती चुकीची न्हवं. जागा चुकली. न मागनारं झाड असंल तर त्याला पुसायचं बी न्हाई. मानूस असंल तर आदी त्याच्याकडं जायचं. मी आयुष्यभर उलटं केलं."

एवढं बोलून ते आत गेले आणि पाणी घेऊन आले. पेला काठोकाठ भरलेला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी एक थेंब न सांडता तो प्यालो.

जतकर जगला. आता तो एका अंगानं खंगलेला, तिरका उभा आहे. फांद्यांच्या टोकाला पाच पानं आली आहेत, फूल अजून नाही. मी गेलो की बाईसाहेब माना टाकतात, बहुतेक जुन्या ओळखीनं. मामाही हल्ली थकलेत. जड कुंडी उचलवत नाही, तरी कुणाला हाक मारत नाहीत. म्हणून दर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास मी सहज आल्यासारखं दाखवून तिकडं जातो, ऊन सरकायच्या आत कुंडी सावलीत नेतो आणि जतकराला अंगठा लावून पाहतो.

"कसं लागतंय?" मामा खुर्चीतून विचारतात.

"कच्चा पेरू," मी सांगतो.