आबांची धुई

गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला, टाकी खांद्यावर असतानाच, हिरामण आबांनी कॉम्प्युटरसमोर उभं केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पडद्यावर एक छोटं विमान, खाली दरी आणि दोन्ही बाजूंना डोंगर. आबांनी विचारलं, "काय दिसस ते सांग. काय दिसाले पाहिजे ते नको सांगू."

"इमान दिसस, आबा."

"इमानना पुढे?"

"डोंगर."

"साफ दिसस?"

"एकदम साफ."

आबांनी कपाळावर हात मारून त्याला सोडलं. तो माणूस टाकी ठेवून जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत गेला, ती मला पाठ होती, कारण त्या घरात येणारे सगळेच जाताना तसं बघायचे. दूधवाला, मीटर वाचणारा, पत्रिका द्यायला आलेली शेजारीण, कोणी सुटलं नाही. आणि सगळ्यांत जास्त छळ माझा झाला.

आबा मूळचे चोपड्याकडचे. जळगावच्या एका पाइप कारखान्यात ड्रॉइंग विभाग सांभाळायचे. पॉलिटेक्निक संपवून मी त्यांच्या हाताखाली लागले. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडले की आबा डबा मांडीवर घेऊन त्या विमानाच्या गेमवर बसायचे. शेवटच्या टप्प्यात विमान एका दरीतून न्यायचं असे आणि दरीत दाट धुकं असे. त्याला आबा धुई म्हणत. समोरचं काही दिसत नाही, फक्त होकायंत्र आणि उंचीचा काटा बघत जायचं. आबा रोज डोंगरावर आपटायचे, रोज डबा बंद करून कामाला लागायचे. मग कारखान्याने कॉम्प्युटर बदलले आणि ती दरी पार करायची राहून गेली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जपून ठेवलेली सीडी काढून तोच गेम चालवला. विमान उडालं, दरी आली, पण धुई नव्हती. डोंगर अगदी धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ. आबा पहिल्याच फेरीत पार झाले. दुसरा कोणी असता तर टाळ्या पिटल्या असत्या. मी तोवर नोकरी बदलून धुळ्याला आले होते. आबांनी मला फोन केला, तेव्हा आवाज असा होता की मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं.

"हाई काय जितनं शे? डोंगर बठ्ठा उघडा शे. डोया उघडा ठेवीसन कोनी बी जाई."

मी म्हटलं, "आबा, जिंकलात ना? मग झालं की."

"तू बी असंच म्हनशी?" ते म्हणाले, आणि तिथून पुढची तीन वर्षं माझ्या रविवारांचं वाटोळं झालं.

भानगड अशी होती की त्या काळातले गेम धुकं काढायचं काम ग्राफिक्स कार्डवर सोपवायचे, आणि नंतरच्या कार्डांनी ती जुनी पद्धतच सोडून दिली. नवं कार्ड कितीही महाग असो, गेमने धुकं मागितलं की ते ढिम्म. म्हणजे कार्ड त्या काळचं हवं, ते ज्यात बसतं तो मदरबोर्डही त्या काळचा हवा आणि कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, तोही नेमका तेव्हाचाच हवा. एक वर्ष पुढचा ड्रायव्हर घातला की धुई गायब, मागचा घातला की विमानाचे पंख गायब. मी एका संस्थेत पोरांना ड्रॉइंग शिकवते. मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. आज मला सगळं कळतं आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

फैजपूरला एक बंद पडलेलं सायबर कॅफे होतं. मालक आता केळीचे घड गाडीत भरायचं काम बघायचा. त्याच्या माळ्यावरच्या धुळीत आम्ही अर्धा दिवस काढला. आबा प्रत्येक कार्ड उन्हाकडे धरून बघायचे, त्यावरच्या बारक्या नळकांड्या, म्हणजे कपॅसिटर, किती फुगल्यात ते मोजायचे आणि मला म्हणायचे, "ली ठेव." माझी ओढणी अशा एकवीस कार्डांनी फाटली. त्यातली चार चालली. चारांपैकी एकातही धुई नव्हती.

घरी आणलं की कार्डाच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासायच्या, हा आबांचा विधी. तासभर घासत बसायचे. त्यांच्या बायकोला, कमलअक्कांना (आबाही त्यांना अक्काच म्हणत), हे बघवायचं नाही. "लोके जयगावले सोनं लेवाले येतस," त्या मला म्हणायच्या, "आनि आमना हाऊ मानूस सोनं खोडी ऱ्हायना." उन्हाळ्यात तर आणखी तऱ्हा. कार्ड तापून बंद पडायचं म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे तोंड करून, आणि अक्का पुठ्ठ्याने वारा घेत ओट्यावर. मी आबांना एकदा चिडून बोलले, तर म्हणाले, "अक्का बोलीसन सांगस तिले गरम व्हयनं ते. कार्ड सांगत नही."

मला बोलावण्याचं कारण मात्र वेगळं होतं. कारखान्यात असताना मी एकदा एका जोडणीचं माप न मोजताच लिहिलं होतं. आबांनी कागद परत दिला, ओरडले नाहीत. मला घेऊन गोदामात गेले, भर दुपारी ती जोडणी शोधून माझ्याकडून मोजून घेतली. माप बरोबरच निघालं. मी खुशीत होते. आबा म्हणाले, "बरोबर निघनं म्हनीसन खरं व्हत नही, माय. तू पाह्यलं नव्हतं." त्यानंतर मी कधी न बघता काही लिहिलं नाही, आणि आबांना ते माहीत होतं. गॅसवाला, दूधवाला हे नुसते सरावाला. पक्का शब्द माझा. स्वतःच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं, असं ते म्हणायचे. मी "नाही" म्हटलं की ते कार्ड काढून ठेवायचे. फोटो पाठवा म्हटलं तर त्यांना पटायचं नाही. फोन स्वतःच्या मर्जीने रंग लावतो, असं त्यांचं मत. म्हणून दर वेळी मी धुळ्याहून एसटीने जळगावला जायचं, पडद्याकडे बघायचं, "नाही" म्हणायचं आणि परत यायचं.

मग आबांचे डोळे बिघडले. चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं, रिक्षाचे नंबर दिसेनात, एकदा तर ते शेजारच्या घरात शिरून त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. मी धुळ्यात एका डॉक्टरांकडे सगळं ठरवलं, राहायची सोय माझ्याच घरी. आबा ऐकतील तर शपथ. "धुई येऊ दे. मंग मी येसू." तारीख तीनदा बदलली. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी मला विचारलं की पेशंट खरोखर आहे ना. अक्का फोनवर रडल्या. मी आबांना नको नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, नवीन कार्ड आलंय, घासतोय.

आणि एका सकाळी, मी वर्गात असताना फोन आला. पोरांचा गलका, त्यात आबांचा आवाज चिरकलेला, "उनी! धुई उनी!" आता आमच्या बोलीत ळ चा य होतो, त्यामुळे धुळ्याला धुये म्हणतात. त्या गलक्यात मी ऐकलं ते "धुये उनू", म्हणजे धुळ्याला आलो. माझा आनंद काय सांगू! शेवटी आला बाबा माणूस! मी रजा टाकली, डॉक्टरांना कळवलं, थर्मासमध्ये चहा भरून स्टँडवर गेले. जळगावच्या चार गाड्या आल्या, रिकाम्या झाल्या, गेल्या. डोळ्यांनी अधू माणूस, कुठे चुकला, म्हणून मी चौकशीच्या खिडकीवर दोनदा भांडले. शेवटी फोन लावला. आबा जळगावलाच, स्वतःच्या खुर्चीत. "मी कधय म्हनं धुये उनू? धुई उनी! दाट शे! तू ये आनि सांग."

त्या दिवशी एसटीत मी काय काय पुटपुटले ते लिहिण्यासारखं नाही.

घरात पोचले. आबा पडद्यासमोर ताठ बसले होते, चेहरा लहान मुलासारखा झालेला. "काय दिसस ते सांग," म्हणाले.

मी बघितलं. विमान होतं. दरी होती. डोंगर होते, कडा न् कडा स्पष्ट, नेहमीसारखे उघडे. धुई कुठेच नव्हती. ती आबांच्या डोळ्यांत होती.

मी अक्कांकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांना कळलेलं होतं. मी नाही म्हणाले तर हे कार्ड निघेल, पुढचं येईल, त्याच्या पुढचं येईल, आणि हा माणूस ऑपरेशनशिवाय आंधळा होईल. मी वैतागले होते, दमले होते, आणि मला आबा डोळस हवे होते.

"आहे आबा," मी म्हटलं. "दाट आहे."

"खरं?"

"खरं."

त्यांनी भिंग काढलं, पडद्याच्या खालच्या काट्यांवर धरलं आणि विमान दरीत घातलं. नाक काचेला टेकलेलं. एका हाताने भिंग, एका हाताने विमान. दरीची सगळी वळणं त्यांनी आकड्यांवरून घेतली. मला कडे दिसत होते, त्यांना दिसत नव्हते. दोनदा पंख घासता घासता राहिला आणि मी ओरडणार होते. पार झाले. आबांनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हा वाटलं, झालं ते बरंच झालं.

ठरल्याप्रमाणे ते धुळ्याला आले. एका डोळ्याचं झालं, महिन्याने दुसऱ्याचं. पेशंट म्हणून शहाण्यासारखे वागले, थेंब वेळेवर, काळा चष्मा वेळेवर. जळगावला परतल्यावर दहाएक दिवसांनी फोन आला.

"माय, डोंगर दिसतस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तवय बी दिसत व्हते का? तुले?"

मला थाप सुचेना. मी म्हटलं, "हो, आबा. दिसत होते."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले असते तर मी भांडले असते, माझ्याकडे मुद्दे तयार होते. त्यांनी भांडायला जागाच दिली नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांचा एकही फोन आला नाही. माझे रविवार मोकळे झाले. तीन वर्षं ज्यासाठी मी कुरकुरले ते मिळालं, आणि मी रविवारी सकाळी फोन हातात घेऊन बसू लागले.

शेवटी मीच गेले. न कळवता. आबा खुर्चीत होते, कॉम्प्युटरच्या डब्यात कुठलं तरी नवं जुनं कार्ड. कपॅसिटर सगळे बदललेले, आबा आता चष्म्याशिवाय सोल्डरिंगचा डाग देतात असं अक्का म्हणाल्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर विमानाचा पुढचा भाग तेवढा होता. बाकी पांढरं. दाट, खालून वर सरकणारं, सगळं गिळलेलं. खरी धुई. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत बघितली होती तशीच.

"आबा, आली की!" मी म्हटलं.

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि आत हाक मारली. "अक्का, अठे ये. काय दिसस ते सांग."

अक्का कणकेचे हात तसेच घेऊन आल्या. वैतागलेल्या. वाकून बघितलं. "काय दिसस? डोंबल! माले काहीच दिसत नही. बठ्ठं पांढरं शे."

आबा खुर्चीत मागे टेकले. इतके सुखावलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला अक्कांचा हेवा वाटला. मी पुन्हा म्हटलं, "आबा, मलाही काहीच दिसत नाहीये. खरंच."

"बस, माय," आबा पडद्यावरची नजर न काढता प्रेमाने म्हणाले. "अक्का चहा करस. थकी गई व्हशी."

त्या घरात माझा चहा नेहमी मीच करून घ्यायचे. त्या दिवशी मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसले आणि तो कपबशीत आला.